न गाळलेलं पाणी

१४ एप्रिल

परीक्षित,

'प्रिय' लिहिलं नाही. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, जे काही बोलायचं ते आमच्यामार्फत ईमेलनं बोला, आणि त्यांच्या ईमेलमध्ये प्रिय नसतं. पण कालवांच्या पिल्लांबद्दल त्यांच्या तोंडून तुझ्याशी बोलायची माझी अजिबात तयारी नाही. म्हणून हा कागद. मिल्टन कीन्सला पोस्टमन अजून येतो ना? की त्यालाही तुमच्या त्या चौकाचौकातल्या राउंडअबाउटवर गरगर फिरवता?

काल अंडी सोडली. चारही टाक्या भरल्या. पाणी जरा कोमट केल्यावर कालवांनी शिंपले किलकिले केले आणि बघता बघता टाकीत दूध सांडल्यासारखं झालं. ग्वेन म्हणाली की या वेळी तिला उगाचच रडू येतं, आणि दरवर्षीप्रमाणे ती रडली. तिचा नवरा अजूनही तिला विचारतो म्हणे, तू त्या इंडियन बाईकडे नोकरीला जातेस की बाळंतपणं करायला.

आता दोन-तीन आठवडे पिल्लं पोहतील. मग त्यांना पाय फुटेल आणि ती शिंपल्यांच्या चुऱ्यावर जाऊन चिकटतील. एकदा बसली की बसली, मग त्यांना खाडीत सोडायचं. हे तुला ठाऊक आहे, पण दोन वर्षं झाली तुला जाऊन, आणि त्याआधीची तीन वर्षं आपण पिल्लं बसलेली पाहिलीच नाहीत. दर वेळी दहा-बारा दिवसांत सगळी तळाला, तू गेल्यावरही.

ठरलंय ते स्वच्छ लिहून टाकते, म्हणजे नंतर तू 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला नको. हा शेवटचा हंगाम. पिल्लं जगली तर हॅचरी विकायची नाही. मेली तर ऑगस्टअखेर मी मुकाट सही करते, मग तो हॉलिडे कॉटेजवाला आपली शेड पाडून तिथं गरम पाण्याचे टब मांडू दे. विक्रीच्या कागदावर तुझी सही झालेली पाहिली. किती सुबक करतोस रे. दुसरा अर्जही आहे, आपला दोघांच्या नावाचा, घटस्फोटाचा. त्यावर माझा होकार अडलाय हे मला माहितेय. एका वेळी एकच मरण बघू दे मला.

आज टाक्यांशेजारी बसून डबा खाताना स्लाऊची आठवण झाली. ती कारखान्यांच्या ट्रेडिंग इस्टेटमागची आपली खोली, खिडकीतून दिसणारे लॉऱ्यांचे दिवे, आणि बँक हॉलिडेला कुठंतरी जायचं म्हणून नकाशावर बोट ठेवून काढलेलं हे कॉर्नवॉलचं टोक. ओहोटी होती. तू ओसाड शेड पावलांनी मोजत होतास आणि मी बरणीत पाणी भरून उन्हात धरून बघत होते. दोघांनाही एकमेकांचा वेडेपणा इतका आवडला होता की परतीच्या ट्रेनमध्ये आपण तो विकतच घ्यायचं ठरवलं. जन्मात कालव तोंडात न घातलेली दोन माणसं. आई तर पुण्यात अजून सगळ्यांना सांगते की आमच्या अनुयाचा मोत्यांचा व्यवसाय आहे. मी तिची समजूत काढणं सोडून दिलंय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

अनुया


६ मे

परीक्षित,

तुझ्या सॉलिसिटरचं ईमेल माझ्या सॉलिसिटरमार्फत पोचलं. पिल्लांची 'सद्यःस्थिती' कळवावी म्हणे. रीतसर कळवते. तीन टाक्या मेल्या. त्याच वासानं, त्याच गुलाबी सायीनं. गेल्या आठवड्यात ग्वेन आणि मी बादल्यांनी उपसून टाकल्या.

चौथी जगलीय.

नुसती जगली नाही, बसली. समुद्राकडच्या भिंतीची टाकी, जिला तू सावत्र म्हणायचास. भिंगाखाली धर, मोहरीच्या दाण्याहूनही लहान शिंपले आहेत, दोन्ही झडपांचे, आणि आतमध्ये काहीतरी हलतंय. मी तीनदा पाहिलं. मग ग्वेनला दाखवलं, मग नीनाताईंना फोन केला. तुला केला नाही, कारण तू आधी काय विचारशील ते मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर द्यायची माझी आज तयारी नाही. का जगली ते सांगेन. आज नको.

नीनाताई शनिवारी पिनरहून आल्या. नणंद असून त्या माझ्याकडे राहायला येतात याचं तुझ्या आईला किती वाईट वाटत असेल. येताना चकल्या, मेतकूट आणि तुझ्याबद्दलची बातमी, असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत. तू रेडवे म्हणतात त्या सायकलवाटांवरून सायकलनं ऑफिसला जातोस, वजन उतरलंय, आणि स्वयंपाकघरात अजून चार प्रकारची फडकी वेगळी ठेवतोस. त्या टाकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, परीक्षितनं या पाण्याला सोवळं नेसवलं होतं." मी हसले आणि मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

आठवतंय का? शेडबाहेर चपला. मग पाय बुडवायचं तबक. मग कोपरापर्यंत हात. ग्वेनच्या हातांना भेगा पडल्या तरी तू तिला पुन्हा धुवायला लावायचास, आणि तिच्या कुत्र्याला तर रस्त्यापलीकडे बांधायचं. पहिली गाळणी, दुसरी गाळणी, तिसरी, आणि शेवटी तो निळा दिवा, ज्याच्या नळीतून थेंब न् थेंब जायचा म्हणजे पाण्यातलं काहीच जिवंत उरायचं नाही. ती नळी तू बसवलीस तेव्हा मी शिडी धरली होती. पहिल्यांदा दिवा लागला आणि तुझा चेहरा निळा झाला. तू म्हणालास, आता या पाण्यात एक जंतू राहणार नाही, अनुया. मला तेव्हा तू फार आवडला होतास. आज लिहिताना जाणवलं, ते आवडणं अजून तसंच्या तसं आहे, नुसतं त्याचं काय करायचं ते कळत नाही.

बाकी एप्रिलमध्ये वादळात दोन दिवस वीज गेली होती. आता सगळं ठीक आहे.

अनुया


१९ जून

परीक्षित,

तू कळवलंस की चारातली एक टाकी म्हणजे खेप जगली असं होत नाही, तो योगायोग आहे. वाचून आधी संतापले आणि मग मुकाट पुन्हा अंडी सोडली, कारण तू बरोबर होतास. म्हणून आता जे लिहितेय ते नीट वाच. बसून वाच.

वादळानंतर वीज आली, पंप सुरू झाले, पण समुद्राकडच्या टाकीचा निळा दिवा लागलाच नाही. त्याचं काहीतरी जळलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. त्या टाकीत पंधरवडाभर नुसतं गाळण्यांतून आलेलं खाडीचं पाणी जात होतं, आणि गाळण्यांत गाळ अडकतो, जंतू नाहीत. आणि तीच जगली. मागच्या पत्रात हे लपवलं, कारण मला खात्री नव्हती आणि खोटी ठरले असते तर तू त्याच वाक्यावर बोट ठेवलं असतंस.

मग मी प्लेट्स केल्या. मेलेल्या पिल्लांतून तो व्हिब्रिओ काढला, म्हणजे आपली पिल्लं मारणारा बॅक्टेरिया, आणि जेलीवर त्याचा थर वाढवला. त्यावर खाडीच्या पाण्याचे थेंब सोडले, बॅक्टेरियाही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून काढलेले. दुसऱ्या दिवशी त्या थरात भोकं पडली होती, स्वच्छ, गोल, पैशाएवढी. तिथले बॅक्टेरिया मेले होते. दिव्याखालून आलेल्या पाण्याचे थेंब टाकले तिथं काही नाही, थर जसाच्या तसा.

व्हायरस, परीक्षित. खाडीच्या पाण्याच्या एका चमच्यात कोट्यवधी असतात. आपल्याला ते काही करत नाहीत, कालवांनाही नाही. त्यांचं खाणं फक्त बॅक्टेरिया, आणि तेही ज्याचा त्याचा ठरलेला. एखादा बॅक्टेरिया फार माजला की त्याचा व्हायरस त्याच्यात शिरतो, आतल्या आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. फुटलेल्यातून सांडतं ते बाकीचे खातात. समुद्रात हे अखंड चालू असतं, म्हणून कोणी एकटा शिरजोर होत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत घडाघडा बोललेही होते. आपल्या टाकीला लावून बघायचं सुचलं नाही.

आपण काय केलं? पाण्यातलं सगळंच मारलं. चांगले, वाईट, आणि वाइटांना खाणारे. मग ते रिकामं पाणी कोमट करून, त्यात पिल्लांचं खाणं घालून ठेवलं. रिकाम्या घरात आधी उंदीर शिरतात, तसा पहिला व्हिब्रिओ शिरला, पिल्लांच्या अंगावरून म्हण, हवेतून म्हण. त्याला अडवायला कोणी उरलंच नव्हतं.

आता तू विचारणार, कंट्रोल कुठाय, तुलनेला काय ठेवलंस? मला तुझा आवाज ऐकू येतो. केलं. यावेळी दोन टाक्यांना नवे दिवे लावले आणि दोन तशाच ठेवल्या. दिव्याखालच्या दोन्ही मरणार हे मला आधीच माहीत होतं, तरी लावले, कारण एरवी तू मानलं नसतंस. अकराव्या दिवशी ग्वेन बादल्या घेऊन आली आणि मी तिला आत येऊ दिलं नाही. त्या दोन टाक्या मी एकटीनं उपसल्या. बिनदिव्याच्या दोन्ही बसल्यात.

तुझ्या दिव्यानं मारलं. हे वाक्य लिहायला सकाळ गेली.

पहिल्या वर्षी दिवा नव्हता तेव्हा निम्मी मेली होती. निम्मी जगली होती याकडे आपलं दोघांचंही लक्ष गेलं नाही. तू म्हणालास घाण आहे, मी म्हटलं असेल. मग दर हंगामात एक गाळणी वाढत गेली आणि पिल्लं कमी होत गेली. जेवढी जास्त मरायची तेवढं आपण जास्त घासायचो. दुसऱ्या कोणी इतकं घासलं नसतं रे. ग्वेन म्हणते तिच्या वडलांनी मासळी ठेवायची बोटसुद्धा एवढी कधी धुतली नाही. ही चूक करायला आपल्यासारखीच माणसं लागतात, हात धुऊन मग पुन्हा नळाला हात लागला म्हणून परत धुणारी.

आणि शेवटच्या वर्षी तू जे म्हणालास, ते मी कुणाला सांगितलं नाही, नीनाताईंनासुद्धा. तू म्हणालास, पाणी शुद्ध आहे, यंत्र शुद्ध आहे, उरले फक्त तुझे हात. शांतपणे म्हणालास, हिशेब मांडल्यासारखं. त्यानंतर मी टाकीत हात घालताना थांबायचे. तू गेल्यावरही. दोन वर्षं मला खरंच वाटत होतं की माझ्या हातांतच काहीतरी आहे.

प्लेट्सचे फोटो सोबत जोडलेत. तुला यायचं असेल तर ये आणि स्वतः बघ. ऑगस्टअखेर जवळ येतेय आणि त्या कॉटेजवाल्याला मला एकच उत्तर द्यायचंय.

अनुया


३१ ऑगस्ट

प्रिय परीक्षित,

लिहिलं शेवटी. आता सॉलिसिटरबाई काहीही म्हणोत.

तू काल परत गेलास. गाडी सुटल्यावर मी तशीच घरी आले नाही. ओहोटी होती, खालपर्यंत चालत गेले आणि खाडीत टांगलेल्या आपल्या पिशव्या उघडून बघितल्या. बोटाच्या नखाएवढी झालीत. मग खडकावर बसले आणि तुझे तीन दिवस पहिल्यापासून आठवले.

तू आलास तेव्हा दारातच चपला काढल्यास, सवयीनं. ग्वेननं तुला मिठी मारली आणि तू अवघडलास. मग भिंग घेऊन बसलास तो चहा गार होईपर्यंत उठला नाहीस. मी प्लेट्स समोर ठेवल्या, तू एकेक उजेडात धरलीस, माझे आकडे पुन्हा तपासलेस, एक बेरीज चुकलेली काढलीस. मला हसू आलं. किती वर्षांनी कोणीतरी माझी बेरीज तपासत होतं. मग तू दिव्यांच्या खोलीत गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस. मी आत आले तर तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन नळ्या उतरवत होतास, एकेक, ज्या क्रमानं चढवल्या होत्यास त्याच्या उलट्या क्रमानं. मी शिडी धरली. मला ते सगळं पूर्वीसारखं वाटलं, अगदी स्लाऊपासूनचं.

शेवटची नळी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास,

"म्हणजे तुझे हात नव्हते."

मी म्हटलं, "नव्हते."

तू रडलास. मी तुला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तुझे बाबा गेले तेव्हाही नाही. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तू तो घट्ट धरून ठेवलास.

संध्याकाळी तू विक्रीचा कागद फाडलास. कॉटेजवाल्याला तूच फोन केलास, इतक्या नम्रपणे की त्याला आपण नकार दिलाय हे बहुधा आज कळलं असेल. मग पोहे केलेस, त्यात शेंगदाणे जास्त, मला आवडतात तसे. आणि खाता खाता म्हणालास की आता सगळं क्लिअर झालं, मी ऑफिसात नोटीस देतो, परत येतो, पुन्हा सुरू करू.

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकायचं म्हणून थांबले होते. भांडी घासताना, बोटीत, पोस्टमन यायच्या वेळी. ते ऐकल्यावर मला इतका आनंद झाला की मी काही बोललेच नाही, आणि तुला वाटलं मी हो म्हटलं. स्टेशनवरही तू एप्रिलच्या हंगामाबद्दलच बोलत होतास. म्हणून हे लिहायला हवं, आजच, माझा धीर आहे तोवर.

खडकावर बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि मग जाईना. प्लेटवर भोकं पडली नसती तर? ती टाकी जगली कशामुळे हे मला कधी कळलंच नसतं, किंवा वादळ झालंच नसतं, तर? तू मिल्टन कीन्सलाच असतास. माझे हात तुझ्या लेखी तसेच राहिले असते, मरेपर्यंत. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, पण तो पुरावा बघून ठेवलास, परीक्षित. पुरावा नव्हता तेव्हा मला तो हवा होता. तेव्हा तू यंत्राच्या बाजूनं उभा राहिलास.

तू वाईट माणूस नाहीस. तू जसा आहेस तसाच मला आवडला होतास, सगळं पुन्हा तपासणारा, कशावरही आंधळेपणानं न भाळणारा. पाण्याच्या बाबतीत ते चालतं. मी अजून तुझी आठवण काढते आणि काढत राहीन, स्लाऊची खोली, नकाशावरचं बोट, सगळं. ते खरंच होतं, त्याला कोणी हात लावू शकत नाही. पण मी पुन्हा त्या घरात राहू शकणार नाही जिथं पुढच्या वेळी काही बिघडलं की मला आधी स्वतःला सिद्ध करावं लागेल. आणि बिघडेलच रे, समुद्राचं पाणी आहे ते. माझ्यात आता तेवढा दम नाही.

तर हॅचरी राहिली. ती दोघांच्या नावावर आहे आणि राहील. एप्रिलमध्ये अंडी सोडताना तुला यायचं असेल तर ये, ग्वेनला आवडेल, मलाही. उतर मात्र ग्वेनकडे. नीनाताईंना मी फोनवर सगळं सांगितलंय, त्या माझ्यावर रागावल्या आणि मग म्हणाल्या, चकल्या पाठवू का.

सॉलिसिटरबाईंना आज सकाळी फोन केला. त्या दोघांच्या नावाच्या दुसऱ्या अर्जाला माझा होकार आहे असं कळवलं.

तुझी
अनुया